धुतलेला नमुना

ओला केल्यावर

फेस आला.

खूप नाही. बीकरच्या कडेने करंगळीच्या नखाएवढी पांढरी किनार, इतकाच. धाकटीने बीकर पुन्हा हलवला. किनार जाड झाली.

खाणीच्या मातीला फेस येत नाही. त्या मातीतून अभ्रक निघतं, चिकणमाती निघते, गारगोटीचे तुकडे निघतात आणि नशीब असेल तर कथलाचे तपकिरी कण आणि नायोबियम-टँटलम या महागड्या धातूंच्या काळ्या पात्या निघतात. फेस कधी निघत नाही. तिने आधी बीकरला दोष दिला. काल कोणीतरी घासून ठेवला असेल, नीट विसळला नसेल. दुसरा घेतला, तीनदा विसळला, नुसतं पाणी घालून हलवला. काही नाही. मग त्याच पाण्यात सतरा नंबरच्या पिशवीतली मूठभर माती टाकली.

फेस.

"मामा, जरा इकडे या."

चाळणीमामा तिचे मामा नव्हते, कुणाचेच नव्हते. पण चाळण्यांच्या खोलीत पस्तीस वर्षं धूळ खाऊन ते सगळ्या कारखान्याचे मामा झाले होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि बीकरमध्ये डोकावले.

"कोणाचे कपडे धुतेस?"

"सतरा नंबर आहे."

"ज्याचा अहवाल गेला तो?"

"तोच."

मामांनी बीकर उचलून उजेडाकडे धरला. 

"एक सांगू? तेव्हाच सांगणार होतो, पण तू हसशील म्हणून राहिलं. सतरा नंबर चाळला त्या दिवशी मला शिंक आली नव्हती."

ती हसली नाही. त्या टेकडीची माती कोरडी चाळायला घेतली की मामा किमान बारा शिंका देत. पलीकडच्या खोलीतली माणसं मोजत. शिंक नाही म्हणजे धूळ नाही. टेकडीवरच्या मातीत धूळ नाही म्हणजे ती माती आधीच कोणीतरी धुतली होती.

अहवालात काय होतं

दोन ओळी. "नमुना क्रमांक सतरा. कथील, नायोबियम व टँटलम यांचं प्रमाण नगण्य. खाण चालवण्याजोगी नाही." खाली तिची सही, स्वच्छ, वळणदार, शेवटच्या अक्षराला शेपटी असलेली. कारखान्यात म्हणायचे, भिंगवालीची शेपटी दिसली की पुढे विचारायचं नाही.

भिंगवाली ही तिची कामावरची ओळख. घरी ती धाकटी. त्रेचाळीस वर्षांची झाली तरी धाकटीच, कारण वरती दादा होता. दादाही याच कारखान्यात होता. तो टेकड्यांवर हिंडून नमुने आणायचा, ती भिंगाखाली घालून सांगायची की त्यात काय आहे. वीस वर्षं हेच चाललं होतं. साहेब म्हणायचे, एकाचे पाय आणि एकीचे डोळे, मिळून एक माणूस होतं आणि पगार मात्र दोन द्यावे लागतात.

सतरा नंबरची खाण म्हणजे टेकडीच्या पोटातला एक पांढरा, मऊ पडलेला पट्टा. हाताने चुरगळला तरी कण सुटे होतात असा. तिथे तीस बायका परातीत माती धुऊन काळी वाळू काढत आणि कारखान्याला देत. अहवालाप्रमाणे कारखाना ती खाण सोडून देणार होता. महिनाअखेरीस कुंपण. कुंपण पडलं की बायकांचा तिथे धुण्याचा हक्क संपला.

हे तिला माहीत होतं. अहवाल लिहिताना वाईट वाटलं होतं. पण मातीत नाही ते नाही. भिंगाला दयामाया नसते, असं ती स्वतःच सगळ्यांना सांगायची.

रुमालाची गाठ

आणि त्याच सकाळी, फेस यायच्या दोन तास आधी, त्या तीस बायकांची मुकादमीण प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली होती. धिप्पाड बाई, हात कोपरापर्यंत पांढरे. रुमालाची गाठ सोडून तिने चमचाभर काळी वाळू टेबलावर ओतली.

"भिंगवाली बाई, हे काय आहे?"

"तुम्हीच सांगा."

"मी काय सांगू? तुम्ही लिहिलंय ना, काही नाही म्हणून. मग हे काही-नाही मी काल दुपारी एका परातीतनं काढलंय. एका! बघा तरी."

धाकटीने जस्ताचा पत्रा काढला. वाळूतले तपकिरी कण त्यावर मांडले, वरून पातळ आम्ल सोडलं. बारीक बुडबुडे आले. पाच मिनिटांनी कण उचलून फडक्यावर घासले. ते रुपेरी झाले होते. कथील असलं की कण असा झिलई धरतो, यात फसवायला जागा नसते. काळ्या पात्या काळ्याच राहिल्या, पण जोरदार चुंबकाकडे आळसावल्यासारख्या सरकल्या. त्याही खऱ्या.

"हे सतराचंच? दुसरीकडचं नाही?"

मुकादमिणीने कमरेवर हात ठेवले. "दुसरीकडनं आणायला माझ्या पायांना काय चाकं आहेत?"

"धुताना पाण्यात काही टाकता?"

"घाम," बाई म्हणाली.

ती गेल्यावर धाकटीने अहवालाच्या वेळची उरलेली माती कपाटातून काढली. तेव्हा सगळी तपासणी कोरडी झाली होती. कोरडी चाळण, कोरडं चुंबक, भिंगाखाली बघायला राळेत बसवून घासलेले कण. नमुना हलका निघाला तर पाण्याने कण वेगळे करणाऱ्या टेबलावर चढवायचा नाही, अशी रीत होती. म्हणून त्या मातीला पाणी पहिल्यांदाच लागत होतं.

एक थेंब

लहानपणी बाबा दोघांना परातीसमोर बसवायचे. बाबा याच कारखान्यात हलती टेबलं सांभाळायचे. खाचा असलेली, तिरपी, सतत धडधडणारी लांब टेबलं. त्यांच्यावरून पाण्याबरोबर माती सोडली की जड कण एका बाजूला चालत जातात, हलके दुसऱ्या बाजूने वाहून जातात. घरी मात्र परात.

"बघ, हे बारीक कण कसे पाण्यावर तरंगून पळतात," बाबा म्हणायचे. "जड आहेत, पण पाण्याला पाठ देऊन निसटतात. यांना खाली बसवायचं कसं?"

मग अंगठा साबणाला लावायचा आणि पाण्याला टेकवायचा. बस. तरंगणारे कण एकदम शहाण्यासारखे तळाला जायचे. दोघं भावंडं टाळ्या पिटायची. दादा तर अख्खी साबणाची वडीच बुडवायचा, फेस काढायचा आणि बाबा डोक्यात टपली मारायचे: "थेंब म्हटलं ना! आणि नंतर विसळायचं, माहितीय?"

ही युक्ती बाबांनी कारखान्यात कोणाला दिली नव्हती. बायकांना ती ठाऊक नव्हती. जगात ती दोघांना ठाऊक होती आणि त्यांतली एक आत्ता बीकर धरून उभी होती.

राखीव हिस्सा

एक आशा होती.

नमुन्याची रीत अशी: खाणीतून काढलेली दहा पोती माती मिसळून टेकडीवरच निम्मी निम्मी करत दोन पिशव्यांपुरती उरवायची, तिचा शंकूसारखा ढीग करायचा, माथा दाबून सपाट करायचा, फळीने चार भाग पाडायचे. समोरासमोरचे दोन प्रयोगशाळेत. उरलेले दोन राखीव पिशवीत, पिशवी शिवून मोहरबंद, वर चिठ्ठी आणि चिठ्ठीवर दोन सह्या. एक आणणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. दोघांनीही ढिगापाशी उभं राहून सही करायची. वाद झालाच तर ही पिशवी उघडायची, हिच्यात खरं असतं.

प्रयोगशाळेतली माती कोणी धुतली असली तरी राखीव पिशवी शाबूत असेल. असायलाच हवी.

तिने राखीव कपाट उघडलं. पिशवी तिथेच होती. मोहर धड, शिवण धड. चिठ्ठीवर दादाची सही आणि शेजारी तिची, शेपटीवाली.

ती सही बघून तिचा हात जागच्या जागी थांबला.

तीन महिन्यांपूर्वीची सकाळ. दादा चहाचे दोन कप घेऊन आला होता. "गुडघा कसाय?"

"दुखतोय रे."

"मग कशाला प्रत्येक वेळी त्या टेकडीवर चढतेस? फळी मी फिरवतो, तू नुसती बघत उभी राहतेस. या चिठ्ठ्यांवर सह्या करून ठेव. मी लावत जाईन."

चाळीस कोऱ्या चिठ्ठ्या. डाव्या हातात कप, उजव्या हातात पेन. सही, सही, सही. वाटलं होतं, दादाला किती कळतं. दुसरं कोणी विचारत नाही, पण याला माझा गुडघा लक्षात असतो. मधेच थांबून तिने विचारलंही होतं, "नियमात बसतं का हे?" आणि दादा म्हणाला होता, "नियमाला बहीण नसते."

दोघं खळखळून हसली होती.

तिने मामांना साक्षीला बोलावून पिशवी फोडली. मूठभर माती, स्वच्छ बीकर, पाणी.

बघायची गरज नव्हती. तरी ती बघत राहिली. फेस वर आला, कडेला चिकटला, एक एक बुडबुडा फुटत गेला. मामा खिडकीकडे तोंड करून उभे होते.

"मामा, शिंक आली का?"

"नाही गं पोरी," मामा म्हणाले.

दाराची बरणी

दादाचं घर कारखान्यामागच्या वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर. दुपारचे साडेचार. दादा यायचा होता. दार उघडंच होतं.

"अगं, तू? ये ये," वहिनीने आतूनच ओळखलं. "सांभाळ हं, पायाला लागेल. ते दार फार आपटतं, म्हणून बरणी लावलीय."

धाकटीने खाली पाहिलं. चौकटीला टेकवलेली काचेची बरणी, जेमतेम अर्ध्या लिटरची, घट्ट झाकणाची. आत काळी वाळू.

"वहिनी, हे काय?"

"वाळू. ह्यांनी आणलीय कुठून तरी. कपाटात ठेवली होती, फळी वाकली बघ! एवढीशी बरणी आणि जड किती! मी म्हटलं, नुसती पडून राहण्यापेक्षा दाराला तरी कामाला येईल."

ती खाली बसली, गुडघा कुरकुरला. बरणी उचलताना मनगट वाकलं. साधी वाळू असती तर पाऊण किलो भरली असती, ही दोन किलोंच्या पुढे होती. प्रकाशाकडे धरली. तपकिरी, काळं, काळं, तपकिरी. सरळ कडांच्या चपट्या पात्या, नदीत न झिजलेल्या, थेट खडकातून सुटलेल्या. ती आयुष्यभर असे कण चिमट्याने उचलत आली होती. एवढे एकत्र कधी पाहिले नव्हते.

ती ज्या वाळूच्या नावाने "नगण्य" लिहून बसली होती, त्या वाळूने भावजय दार अडवत होती.

जिन्यावर पावलं वाजली. दादा वर आला. बहीण उंबऱ्यात बसलेली, मांडीवर बरणी. त्याने चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या. एवढा वेळ त्याने चपलांना कधी दिला नव्हता.

"चहा टाकते," वहिनी म्हणाली आणि आत गेली.

पायरीवरचं बोलणं

"सतरा नंबर तू धुतलास."

"कशावरून?"

"फेस आला."

दादा जिन्याच्या पायरीवर बसला. क्षणभर त्याला हसू फुटलं, अगदी लहानपणीचं. "च्यायला. विसळायचं राहिलं. बाबा असते तर टपली मारली असती."

"दहा पोती?"

"तीन दिवस लागले. पाठ अजून धरलीय."

"आणि हे टाकून का नाही दिलंस?"

"टाकवलं नाही," तो म्हणाला. हे मात्र त्याने खरं सांगितलं हे तिला कळलं. बाबांच्या घरात जड कण कोणी टाकत नसे.

"का केलंस?"

"कारखान्याने खाण सोडली की दुसरे मालक घेणार आहेत. बोलणी झालीत. टेबलं मी लावणार. माझ्या हाताखाली, माझ्या आखणीने. बाबांनी जन्मभर दुसऱ्यांची टेबलं हलवली, मी जन्मभर दुसऱ्यांची पोती वाहिली. आणि तुझी प्रयोगशाळाही तिथेच. मी बोललोय त्यांच्याशी. नवीन सूक्ष्मदर्शक."

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर खोटा अहवाल लिहिला असतास?"

"नाही."

"मग? म्हणून तर नाही विचारलं. तुला मी खोटं लिहायला लावलं का? पिशवीत जे होतं ते लिहिलंस तू. अक्षर न् अक्षर खरं. तुझ्या अंगाला काही लागू नये म्हणून एवढी पोती धुतली मी."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो हे मनापासून बोलत होता. तेच वाईट होतं. नुसती चोरी केली असती, शिव्या दिल्या असत्या, तर निदान राग कुठे ठेवायचा ते तरी कळलं असतं.

"म्हणजे तुला माझा खरेपणाच हवा होता."

"तुझ्या सहीवर सगळे डोळे मिटून विश्वास ठेवतात."

"सगळ्यांत तूही?"

"मी तर सगळ्यांत जास्त."

आतून कपबशांचा आवाज आला. तिने आवाज खाली आणला.

"त्या तीस बायकांचं काय?"

"नवे लोक ठेवतील की त्यांना."

"ठेवतील असं म्हणाले?"

दादा अंगठ्याचं नख खरवडू लागला.

"मी लिहिणार आहे," ती म्हणाली. "नमुना धुतलेला होता म्हणून."

"लिही." त्याचा आवाज बदलला नाही, फक्त मऊपणा गेला. "राखीव पिशवीवर सही कोणाची आहे? ढिगापाशी उभं राहून केलेली? का चहा पीत पीत केलेली? नमुना रद्द करायचा तर कारण द्यावं लागतं, धाकटे. नुसता संशय चालत नाही. माझ्या आधी तू जाशील. मी काय, पोती वाहणारा. तुझ्याकडे सहीशिवाय काय आहे?"

मग तिने विचारलं, आणि विचारायच्या आधीच आपल्याला उत्तर नको आहे हे तिला समजलं:

"त्या दिवशी गुडघ्याचं विचारलंस. तेव्हा हे ठरलेलं होतं?"

दादाने जिन्याखाली पाहिलं.

"दुखत तर होताच ना?" तो म्हणाला.

वहिनी ट्रे घेऊन बाहेर आली. धाकटी उठली होती, बरणी कडेवर घेतल्यासारखी धरून.

"चहा?"

"नको वहिनी. ही नेऊ मी?"

"ती ठेव," दादा म्हणाला.

"का?" धाकटीने विचारलं. "वाळूच आहे ना?"

वहिनी नवऱ्याकडे बघू लागली. बायकोला त्यानेच वाळू म्हणून सांगितलं होतं. आता तिच्यासमोर दुसरं काय म्हणणार?

"ने बाई," वहिनी म्हणाली. "पण दार आपटणार हं आमचं."

चाळणीवर राहिलेलं

दुसऱ्या दिवशी तिने सतरा नंबर पुन्हा चाळला. मामा शेजारी, तोंडाला फडकं न बांधता.

*दोन मिलिमीटरच्या वर.* गारगोटीचे तुकडे. भिंगाखाली त्यांच्यात चपटे, सरळ कडांचे खळगे. काळ्या पात्या बसायच्या त्या जागा, आत काळसर डाग, पाती नाही. हे खळगे तिने पहिल्या वेळीही पाहिले होते. नोंदवहीत लिहिलंही होतं, "कण सुटलेले." घरं रिकामी आहेत एवढं लिहून ती पुढे गेली होती. राहणारे कुठे गेले हे विचारलं नव्हतं, कारण पिशवी दादाने आणली होती.

*एक मिलिमीटर.* इथे कथील असायला हवं. नाही.

*अर्धा.* नाही.

*पाव मिलिमीटरच्या खाली.* थोडं आहे. घाईत दादाच्या परातीतून निसटलेलं. त्याच्या हातून सुटलं तेवढ्यावर तिचा सगळा अहवाल उभा होता.

*धूळ.* नाही. डोळ्यांत धूळ फेकणं ती आजवर ऐकून होती. इथे धूळ काढून घेऊन तेच काम झालं होतं.

मग तिने बरणीतला हिस्सा मोजून, दहा पोत्यांच्या प्रमाणात, परत मिसळला. प्रत्येक चाळणीवर कण आले. मधली पोकळी भरली. मुकादमिणीच्या रुमालातल्या वाळूशी ताडून पाहिलं तर तेच कथील, त्याच काळ्या पात्या, पात्यांत नायोबियम आणि टँटलम तेवढ्यास तेवढे.

ही दोन मूलद्रव्यं एकाच कणात राहतात. एवढी सारखी, की एकेकाळी जाणकारही त्यांना एकच समजले होते. बाबा सांगायचे, "तुम्हा दोघांसारखी." चुंबकाने वेगळी होत नाहीत, टेबलावर वेगळी होत नाहीत. वेगळी करायची तर कण जहाल आम्लात पूर्ण विरघळवावा लागतो. कण राहत नाही.

दुपारभर ती एक वेडेपणा करत बसली. बरणीतली एक एक पाती चिमट्याने उचलायची आणि गारगोटीच्या एखाद्या खळग्यात बसते का बघायचं. एखादी जवळपास बसायची, पण हलायची. एकही पाती घट्ट बसली नाही. शेवटी मामांनी दिवा बंद केला.

"पुरे आता," ते म्हणाले. "सापडली तरी चिकटणार आहे का?"

नमुना रद्द ठरवण्याचं कारण

छापील कागदावर तीन ओळींची जागा होती.

~~नमुना हाताळताना त्रुटी राहिल्याने~~

~~नमुना अनवधानाने धुतला गेल्याने~~

~~नमुना आणणाऱ्याने~~

चौथ्या वेळी तिने पेन ठेवलं, हात धुतले, परत येऊन एका दमात लिहिलं:

"दहा पोती माती नमुना करण्याआधी साबण घातलेल्या पाण्यात धुऊन तीतले जड कण माझ्या भावाने काढून घेतले. ते कण सोबत जोडत आहे. राखीव पिशवीच्या चिठ्ठीवरची माझी सही मी ढिगापाशी केलेली नाही. अशा चाळीस कोऱ्या चिठ्ठ्यांवर मी आधीच सह्या करून दिल्या होत्या. त्यामुळे दोन्ही हिस्से अवैध आहेत आणि नमुना नव्याने घ्यावा."

"माझ्या भावाने" हे शब्द खोडून तिथे त्याचं पद लिहावं असं तिला वाटलं. वाटलं आणि तिने तसंच राहू दिलं.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. बरणी उचलून पाहिली, वजनाने दचकले, खाली ठेवली.

"तुम्हाला कळतंय ना, यानंतर तुमची सही इथे कुठेच चालणार नाही?"

"हो."

"आणि गंमत बघा, हा कागद चालायला खाली तुमची सहीच लागते."

तिने केली. शेपटी काढायची की नाही, असा क्षणभर प्रश्न पडला. काढली.

नवा ढीग

आठवड्याने टेकडीवर नवा नमुना घेतला. फळी दुसऱ्याने फिरवली, चिठ्ठीवर सही दुसऱ्या तपासनिसाने केली, ढिगापाशी उभं राहून, तीस बायकांच्या देखत. कुंपणाचे खांब येऊन पडले होते, ते तसेच पडून होते. धाकटी गुडघा चोळत चढली होती. तिचं तिथे काही काम नव्हतं.

मुकादमीण शेजारी येऊन उभी राहिली.

"तुम्ही नाही का सही करायच्या?"

"माझी आता चालत नाही."

बाईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. काय झालं ते वसाहतीत सगळ्यांना कळलं होतं, बाईलाही.

"सख्खा?" तिने विचारलं.

"सख्खा."

"केसाने गळा कापला म्हणायचा," मुकादमीण म्हणाली आणि बसायला स्वतःचं पोतं झटकून पुढे केलं.

फळी फिरली, धूळ उडाली. खाली ढिगाशेजारी उभ्या चाळणीमामांना लागोपाठ शिंका आल्या आणि बायका मोजू लागल्या. सातव्या शिंकेला धाकटीचा फोन वाजला. वहिनी.

"अगं, तू बरणी नेलीस ना, तेव्हापासून हे दार जिवाला खातंय. ह्यांना म्हटलं, काहीतरी लावा, तर काही बोलतच नाहीत. कामावर जात नाहीत, खिडकीपाशी बसून असतात. तुमचं काय झालंय मला कोणी सांगेल का? बरं ते जाऊ दे. बरणी कधी आणून देतेस?"

"वहिनी, ती बरणी आता परत यायची नाही."

"मग दुसरं काहीतरी जड दे."

खाली दोन हिस्से पोत्यात भरले जात होते, दोन राखीव पिशवीत, तपासनीस सुईत दोरा ओवत होता. फोनमध्ये दार आपटलं. मग पुन्हा आपटलं, पहिल्यापेक्षा जोरात.

वारा आहे की दादा आहे, हे तिने विचारलं नाही. फोन कानाला तसाच धरून ती पिशवीला टाके पडताना बघत राहिली.